मांजराची खाज आणि तीवरील औषधें



मी वैद्य नव्हें. पशुवैद्य तर नव्हेंच. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उतरून मी शाळामास्तर झालों, तेहतीस वर्षें मुलांचें शुद्धलेखन तपासलें, आणि आतां रत्नागिरीस घरीं पेन्शन खात बसलों आहें. अशा मनुष्यानें मांजराच्या औषधोपचारावर बोलावें हें थोडें धारिष्टाचेंच आहे. परंतु गेल्या दोन वर्षांत आमच्या मनीच्या निमित्तानें मला जें शिकावें लागलें, तें कोणी आधीं सांगितलें असतें तर एका मुक्या जिवाचे कित्येक महिन्यांचे हाल टळले असते. एका संध्याकाळीं तर तिचा प्राणच माझ्या हातून जावयाचा; तो केवळ माझ्या अनाडीपणामुळें वाचला. तेवढ्याच अधिकारानें मी आपला वेळ घेत आहें.

मनी मुळांत माझी नव्हे. ती माझ्या पत्नीची. दहा वर्षांपूर्वीं पावसांत भिजलेलें एक पिलूं तिनें पदराखालीं घेऊन घरांत आणलें, तेंच हें मांजर. अंगावर काळा, पांढरा आणि तांबूस असे तीन रंग. माझा आणि तिचा संबंध जेवणाच्या वेळेपुरता. माझ्या ताटांतल्या बांगड्याचें डोकें तिचें, एवढाच आमचा करार होता. दोन वर्षांपूर्वीं माघांत माझी पत्नी वारली. पुढें श्रावणाच्या सुमारास मनी आपलें पोट आणि मांड्यांची आंतली बाजू एकसारखी चाटूं लागली. मांजराची जीभ कानशीसारखी खरखरीत असते. पंधरा-वीस दिवसांत तिच्या पोटावरचे केंस असे नाहींसे झाले कीं जणूं न्हाव्यानें वस्तरा फिरविला. जो येई तो म्हणे, "मुकें जनावर, पण त्याला सारें कळतें. मालकिणीचा शोक करतें आहे." मींहि तें मानलें. खरें सांगावयाचें तर तें मानणें मला गोड वाटलें. घरांत आपल्यावांचून आणखी कोणी तरी तिच्यासाठीं झुरत आहे, ह्या कल्पनेचा मला आधार वाटे. ह्या आधारापायीं मीं दीड महिना कांहींएक केलें नाहीं.

गणपतींत मुलगा आणि सून मुंबईहून आलीं. सूनबाईंनीं मनीला उचलून उजेडांत धरलें. पोटावर तांबडे, ओलसर चट्टे उठले होते. पाठीवरून हात फिरविला तर कातडीवर बारीक खरबरीत दाणे बोटांना लागत. त्या म्हणाल्या, "बाबा, हें दुःख नव्हे, ही खाज आहे. मला धुळीची ॲलर्जी आहे, तशी हिला कसली तरी असेल." मला तें पटलें. परंतु पटल्यावर मीं जें केलें तें न केलेलें बरें. मीं औषधाच्या दुकानांत जाऊन "ॲलर्जीची गोळी द्या" एवढेंच सांगितलें. कोणासाठीं तें सांगितलें नाहीं. मांजरासाठीं म्हणावयाची लाज वाटली. दुकानदारानें सर्दी-शिंकांवरची नेहमीची गोळी दिली. मीं तिचे दोन तुकडे केले, एक लोण्यांत घोळला, आणि मनीला मांडीवर घेऊन तिच्या तोंडांत घालूं लागलों. तिनें माझ्या आंगठ्याला कडकडून चावा घेतला, तोंडाला फेंस आणला, गोळी थुंकली आणि ती कपाटावर जाऊन बसली. तीन वेळां हाच प्रकार झाला. शेवटीं मीं हरलों आणि दुसऱ्या दिवशीं तिला टोपलींत घालून पशुवैद्यांकडे नेलें.

ह्या डॉक्टरबाई वयानें माझ्या मुलीएवढ्या. त्यांनीं आधीं गोळीची पट्टी मागून घेतली, पाठीमागची बारीक अक्षरें वाचलीं आणि विचारलें, "गुरुजी, ह्यांतलें पोटांत किती गेलें?" कांहींच गेलें नाहीं असें मीं सांगितल्यावर त्या खुर्चीवर बसल्या. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत ॲलर्जीच्या औषधाबरोबर पॅरासिटामॉल हें तापाचें औषधहि मिसळलेलें असतें. तुम्हांआम्हांला तें पचतें, कारण आपलें यकृत त्याला एका विशिष्ट पदार्थाशीं बांधून शरीराबाहेर घालवितें. मांजराच्या यकृतांत ही शक्ति फारच थोडी. तें विष तसेंच राहतें, रक्ताची प्राणवायु वाहण्याची ताकद नाहींशी करतें, हिरड्या निळसर-करड्या पडतात, तोंड सुजतें, आणि एका गोळीनेंहि मांजर दगावूं शकतें. माझ्या आंगठ्यावरची दातांची खूण अजून आहे. ती मी जपून ठेवली आहे असें म्हटलें तरी चालेल.

नंतर त्यांनीं एक अगदीं बारीक दात्यांची फणी घेतली आणि मनीच्या शेपटीच्या मुळाशीं चार-पांच वेळां फिरविली. फणींत मिरपुडीसारखी काळी कुसळ आली. ती त्यांनीं पांढऱ्या कागदावर झटकली आणि वर पाण्याचे दोन थेंब टाकले. काळ्या कणांभोंवतीं हळूहळू तांबूस कडीं उमटलीं. मी आयुष्यभर मुलांना विज्ञानाचे प्रयोग दाखविले, परंतु इतका बोलका प्रयोग मीं पाहिला नव्हता. ती पूड म्हणजे पिसवांची विष्ठा. आणि ती तांबूस रंगत म्हणजे मनीचेंच पचलेलें रक्त. "पण एकहि पिसू दिसत नाहीं," मीं म्हणालों. त्या म्हणाल्या, "दिसणार कशी? ज्या मांजराला पिसवांचें वावडें असतें, तें दिवसभर स्वतःला चाटून पिसवा गिळून टाकतें. अशा मांजराच्या अंगावर बहुधा पुरावा तेवढा सांपडतो, चोर सांपडत नाहीं." मग त्यांनीं सहज विचारलें, "ही निजते कोठें?" मीं सांगितलें, माजघरांतल्या गोधड्यांच्या वळकटीवर. "आणि त्या गोधड्यांना ऊन केव्हां दाखविलें होतें?"

ह्या प्रश्नाला मला उत्तर देतां आलें नाहीं. कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं, वैशाखांत, घरांतलें सारें अंथरूण-पांघरूण अंगणांत निघतें. कोकमें वाळतात, पापड वाळतात, तशा गोधड्याहि चार-आठ दिवस कडक उन्हांत पडतात. आमच्या घरीं हें काम कोण करी, हें मला त्या क्षणीं प्रथमच नीट कळलें. त्या वर्षीं वैशाखांत तें कोणी केलें नाहीं. त्या गोधड्या माघांत जशा गुंडाळून ठेवल्या गेल्या, तशाच ज्येष्ठ-आषाढाच्या दमटपणांत पडून राहिल्या. मनीचा आजार माझ्या पत्नीच्या जाण्यामुळेंच होता, हें लोकांचें म्हणणें एका अर्थीं बरोबरच होतें म्हणावयाचें.

आतां ही ॲलर्जी म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगतों. हा शब्द १९०६ सालीं व्हिएन्ना येथील बालरोगांचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं प्रथम योजिला. ग्रीक भाषेंतील 'निराळें' आणि 'कार्य' अशा अर्थाच्या दोन शब्दांवरून तो बनविला आहे. रोगावर उपाय म्हणून घोड्याच्या रक्तांतील लस टोंचली असतां कांहीं मुलांना पहिल्या खेपेपेक्षां दुसऱ्या खेपेस अधिक लौकर आणि अधिक जोराचा त्रास होतो, हें त्यांनीं पाहिलें. शरीर एकदां ओळख झालेल्या पदार्थाशीं पुढें निराळ्या रीतीनें वागूं लागतें. शत्रूला ओळखण्यासाठीं असलेली ही स्मरणशक्ति कधीं कधीं निरुपद्रवी पदार्थालाच शत्रु समजते, आणि मग हिस्टामीनसारखीं दाहक द्रव्यें आंतल्या आंत सुटून कातडी लाल होते, सुजते आणि खाजते. मांजरांत ह्याचीं मुख्य कारणें तीन. पिसवेची लाळ हें एक. खाण्यांतला एखादा पदार्थ हें दुसरें. आणि घरांतली धूळ, तींतले सूक्ष्म किडे, बुरशी, परागकण हें तिसरें. कारण कोणतेंहि असो, मांजर दाखवितें तें बरेंचसें सारखेंच. कधीं पाठीवर दाणे उठतात. ह्या दाण्यांना वैद्यक ग्रंथांत जें नांव आहे तें लॅटिनमधील वरीसारख्या बारीक धान्याच्या नांवावरूनच आलेलें आहे. कधीं पोट चाटून बोडकें होतें, कधीं वरच्या ओठावर व्रण पडतो, कधीं डोकें आणि मान रक्त निघेपर्यंत खाजविली जाते. मनाच्या अस्वस्थतेनेंहि मांजर अंग चाटतें, हें खोटें नाहीं; परंतु हीं तिन्ही कारणें तपासून दूर सारल्यावरच तसें म्हणावें, असें डॉक्टरबाईंनीं मला बजाविलें. मीं नेमकें उलट केलें होतें.

पिसवांविषयीं एक गोष्ट प्रत्येक गृहस्थानें ध्यानांत ठेवावी. अंगावर दिसते ती पिसू म्हणजे एकंदर पिसवांचा अगदीं लहान हिस्सा. मादी रक्त प्यायल्यावर दिवसाकांठीं चाळीस-पन्नास अंडीं घालूं शकते. तीं गुळगुळीत असल्यामुळें मांजर जेथें निजतें तेथें गळून पडतात. त्यांतून निघणाऱ्या अळ्या उजेड टाळतात आणि तीच वाळलेल्या रक्ताची पूड खाऊन वाढतात. मग त्या कोष विणतात, आणि कोषांत कित्येक महिने निपचित राहूं शकतात. जवळून कोणी चाललें, ऊब लागली, श्वास लागला कीं बाहेर उडी घेतात. म्हणून महिनोन् महिने बंद असलेल्या घरांत पाऊल ठेवतांच पिसवा तुटून पडतात. अळ्यांना कडक, कोरडें ऊन सोसत नाहीं. आपल्या आयाबहिणींना हें पुस्तकांतून कळलेलें नव्हतें.

आतां औषधें. पहिलें आणि मुख्य औषध खाजेचें नसून पिसवेचें. सेलामेक्टिन किंवा फिप्रोनिल अशा नांवांचीं हीं औषधें थेंबांच्या रूपानें मिळतात. मानेच्या मागें, जेथें मांजराची जीभ पोंचत नाहीं अशा ठिकाणीं, केंस बाजूला सारून कातडीवर टाकावयाचीं, आणि तीं दर महिन्यास. घरांत दुसरें मांजर-कुत्रें असेल तर त्यालाहि त्याचें त्याचें औषध हवें. येथें एक धोक्याची सूचना मी मोठ्यानें सांगतों. कुत्र्यांच्या पिसवांसाठीं जीं थेंबांचीं किंवा पुडीचीं औषधें मिळतात, त्यांतल्या कांहींत पर्मेथ्रिन असतें. कुत्र्याला तें चालतें; मांजराला त्यानें थरकांप सुटतो, झटके येतात आणि मरण येतें. चुकून लागलेंच, तर कोमट पाणी आणि भांडीं घासावयाचा पातळ साबण ह्यांनीं अंग धुऊन तत्काळ डॉक्टर गांठावा. मांजर म्हणजे लहान कुत्रें नव्हे, आणि लहान माणूसहि नव्हे. त्याचप्रमाणें कापूर, निलगिरीचें तेल, फिनेल असे घरगुती उपाय कातडीवर करूं नयेत. मांजराच्या अंगाला लावलेलें सारें अखेर त्याच्या पोटांत जातें. आमच्या शेजारीं खाजेवर कापूर घातलेलें खोबरेल लावण्याचा सल्ला मला किती प्रेमानें देण्यांत आला होता!

पिसवांचें औषध आजची पिसू मारील, पण कालची खाज लगेच थांबवीत नाहीं. तींतून सुटका व्हावी म्हणून दुसऱ्या प्रतीचीं औषधें लागतात. त्यांत हिस्टामीनविरोधी औषधें सर्वांच्या परिचयाचीं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत दानिएल बोव्हे यांनीं १९३७ सालीं ह्या जातीचें पहिलें द्रव्य शोधलें. त्यांना १९५७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. माणसाच्या शिंकांवर हीं नामी आहेत. मांजराच्या कातडीच्या खाजेवर मात्र त्यांचा भरंवसा फारसा धरतां येत नाहीं. एखाद्याला गुण येतो, पुष्कळांना येत नाहीं. शिवाय तीं कडू असतात, आणि मांजर कडू कसें घेतें हें मीं सांगितलेंच आहे.

खरा जोर आहे तो स्टेरॉइडांचा. १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच आणि एडवर्ड केंडाल यांनीं संधिवातानें खिळलेल्या एका रोगी बाईस कॉर्टिझोन टोंचलें; थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. दोनच वर्षांनीं त्या दोघांना आणि स्वित्झर्लंडचे राइश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच कुळांतलें प्रेडनिसोलोन आज मांजरांना देतात. येथें शुद्धलेखनाच्या मास्तरास आवडेल अशी एक गंमत आहे. प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन अशीं दोन औषधें आहेत. फरक एका अक्षराचा. पहिल्याचें दुसऱ्यांत रूपांतर यकृतांत व्हावें लागतें, आणि मांजराच्या यकृताला तें नीट साधत नाहीं. म्हणून मांजराला दुसरेंच द्यावें लागतें. एक 'लो' गाळला तर औषध वायां जातें! मुलांना मीं शुद्धलेखनाचें महत्त्व सांगितलें, तेव्हां हें उदाहरण हाताशीं असतें तर बरें झालें असतें.

प्रेडनिसोलोनच्या गोळीनें मनीची खाज चवथ्या दिवशीं थांबली. मीं चकित झालों. ती कित्येक आठवड्यांनीं प्रथमच दुपारभर स्वस्थ निजली. डॉक्टरबाईंनीं सांगितलें होतें कीं, गोळी प्रथम रोज, मग दिवसाआड, मग आणखी विरळ करीत बंद करावयाची. एकदम तोडावयाची नाहीं, कारण बाहेरून औषध मिळूं लागलें कीं शरीरांतल्या ग्रंथि आपलें काम मंदावतात आणि त्यांना तें पुन्हां हातीं घेण्यास अवधि लागतो. तें मीं तंतोतंत पाळलें. परंतु मानेवरचे थेंब एकदां टाकले होते, ते दुसऱ्या महिन्यांत टाकले नाहींत. मांजर बरें झालें, आतां खर्च कशाला, असा माझा हिशेब. माजघर एकदां झाडून घेतलें. गोधड्या मात्र, पाऊस होता म्हणून, राहूं दिल्या. कार्तिकांत मनीचें पोट पुन्हां लाल झालें.

मी टोपली घेऊन पुन्हां दवाखान्यांत गेलों आणि म्हणालों, "बाई, गोळ्यांचा त्रास नको. महिनाभर पुरेल असें इंजेक्शन असतें म्हणे, तें टोंचून टाका." त्यांनीं तें दिलें नाहीं. स्टेरॉइडाचें तसें दीर्घकाळ टिकणारें इंजेक्शन असतें; परंतु टोंचलेलें परत काढून घेतां येत नाहीं, आणि वारंवार दिल्यास मांजराला मधुमेह होऊं शकतो; हृदयांत छुपा दोष असेल तर तोहि उफाळतो. गोळी निदान थांबवितां तरी येते. मग त्यांनीं मला विचारलें, "गुरुजी, वर्गांत छडी उगारलीत कीं पोरें गप्प होत ना? म्हणून गणित येत होतें काय?" छडी मीं वापरलेली आहे, ह्यापुढें मला कांहीं बोलतां येईना. त्या दिवशीं घरीं येऊन मीं गोधड्या उचलल्या. ज्या फाटल्या होत्या त्या जाळल्या, बाकीच्या उकळत्या पाण्यांत घातल्या आणि मार्गशीर्षाच्या उन्हांत आठ दिवस टाकल्या. एक गोधडी तिच्या लुगड्याची होती. ती जाळण्याच्या ढिगांतून मीं परत काढली आणि तीन वेळां उकळली. थेंबांच्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईनें लिहिल्या.

सलग तीन महिने हें झाल्यावर मनीचें पोट भरून आलें, पाठीवरचे दाणे गेले. परंतु गालफडें आणि कानांमागची बाजू ती अजूनहि खाजवीतच होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, आतां जेवण तपासूं. मला वाटलें होतें, एखादा नवा पदार्थ बाधला असेल. त्यांनीं सांगितलें, नवा नव्हे, बहुधा रोजचाच. वर्षानुवर्षें खाल्लेलें अन्नच शरीर एके दिवशीं परकें मानूं लागतें. मांजरांत मासळी, कोंबडी आणि गोमांस ह्यांचीं नांवें ह्या बाबतींत पुढें असतात. ह्याला रक्ताची खात्रीलायक परीक्षा नाहीं. एकच उपाय: आठ आठवडे तिनें पूर्वीं कधींहि न खाल्लेलें एकच मांस, किंवा ज्यांतील प्रथिनें अगदीं बारीक तोडलेलीं असतात असें तयार अन्न, आणि त्याबाहेर एक कणहि नाहीं. आम्हीं मिठा-मसाल्यावांचून, कांदा-लसणीवांचून शिजविलेलें बोकडाचें मटण धरलें. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला घातक असतात, हें ह्याच संदर्भांत कळलें. नवें अन्न जुन्यांत थोडें थोडें मिसळीत आणावयाचें. "भूक लागली म्हणजे खाईल," असें म्हणून मांजराला उपाशीं ठेवतां येत नाहीं. दोन-तीन दिवस अन्न न घेणाऱ्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतांत चरबी सांचून तें मरणाच्या दारीं जातें.

पांच आठवडे गेले, गुण दिसेना. सहाव्या आठवड्यांत एके दुपारीं मी मागच्या दारीं गेलों, तों शेजारच्या आजी कुंपणाशीं बसून मनीला सुका बोंबील भरवीत होत्या. त्यांचें वय ऐशींच्या पुढें. मला पाहून त्या चपापल्या नाहींत. म्हणाल्या, "मास्तर, तुझी बायको गेली तशी हिला कोणी विचारीत नाहीं. मीच रोज चार तुकडे देतें." त्यांना काय बोलणार? मीं त्यांच्याजवळ बसलों आणि मनीचे कान उलटे करून त्यांना ओरखडे दाखविले. आजींनीं ते पाहिले, उरलेले बोंबील पदरांत बांधले आणि पुढच्या दिवसापासून रोज सकाळीं "आज खाजवलंन् काय?" म्हणून विचारूं लागल्या. आम्हीं आठ आठवडे पुन्हां पहिल्यापासून मोजले. सातव्या आठवड्यांत मनीनें गालफड खाजविणें सोडलें. मग नियमाप्रमाणें मुद्दाम मासळीचे दोन घांस दिले, कारण त्यावांचून निदान पक्कें होत नाहीं. दहाव्या दिवशीं कानामागें रक्त! कोंकणांतल्या मांजराला मासळी वर्ज्य, हा निकाल मला तिच्याइतकाच कडू वाटला. कोंबडी तिला चालली, हें नशीब. आतां तिला मासळीविरहित तयार अन्न देतों, कारण नुसत्या घरच्या मांसावर मांजराला लागणारीं सर्व द्रव्यें मिळत नाहींत.

सर्वांनाच असें कारण सांपडतें असें नाहीं. ज्या मांजरांना घरांतल्या धुळीचेंच वावडें असतें, त्यांना धुळींतून उठवून नेणार कोठें? अशांसाठीं सायक्लोस्पोरिन नांवाचें औषध आहे. नॉर्वेतील हार्डांगरव्हिडा पठारावरच्या मातींत सांपडलेल्या एका बुरशींतून तें निघालें, आणि १९७२ सालीं त्याचा शरीराच्या प्रतिकारशक्तीला आवर घालण्याचा गुण उघड झाला. माणसांत दुसऱ्याचें मूत्रपिंड रुजविण्यासाठीं तें वापरूं लागले; मांजरांच्या ॲलर्जीसाठीं अमेरिकेंत त्याला २०११ सालीं मान्यता मिळाली. त्याचा गुण यावयास महिना-दीड महिना लागतो. तोंवर धीर धरावा लागतो. आरंभीं कांहीं मांजरांना उलट्या-जुलाब होतात. तें चालू असतां मांजराला उंदीर मारूं देऊं नयेत आणि कच्चें मांस देऊं नये, कारण त्यांतून येणारा एक परजीवी जंतु एरवीं सौम्य असतो तो अशा वेळीं प्राणघातक ठरूं शकतो. आणखी एक मार्ग म्हणजे ज्या वस्तूचें वावडें तिचाच अल्प अंश वाढत्या प्रमाणांत टोंचीत जाणें. लंडनच्या लेनर्ड नून यांनीं १९११ सालीं माणसांतील परागज्वरासाठीं हा प्रयोग प्रसिद्ध केला. मांजरांतहि आज तो करतात. खाजेऐवजीं मांजर मान लांबवून, जमिनीशीं वांकून खोंकूं लागलें तर मात्र वाट पाहूं नये. तो दमा असूं शकतो, आणि तोंड उघडें टाकून श्वास घेणाऱ्या मांजराला सकाळपर्यंत ठेवणें योग्य नव्हे.

गोळी देण्याविषयीं दोन शब्द, कारण त्यांत मीं पुष्कळ रक्त सांडलें आहे. मांजराला जाड पंचांत गुंडाळावें, डोकें वरून धरून किंचित् मागें न्यावें, खालचा जबडा एका बोटानें उघडून गोळी जिभेच्या अगदीं मुळाशीं टाकावी आणि लगेच सुईवांचूनच्या पिचकारीनें थोडें पाणी हळूहळू गालांत सोडावें. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननळींत अडकून राहते आणि तेथें जखम करते. लोणी वगैरे माझ्याच घरीं फसलें असेल. कोणाकडे चाललें तर अवश्य चालवावें.

सध्यां मनीला एकहि गोळी चालू नाहीं. दर महिन्याचे थेंब तेवढे आहेत. आमच्या दारीं दर बुधवारीं मासळीवाली येते. तिची हांक ऐकली कीं मनी पायरीवर जाऊन बसते, आणि मी "आज नको" म्हणून सांगतों. गेल्या बुधवारीं ती टोपली डोक्यावर घेतां घेतां म्हणाली, "गुरुजी, मांजरापायीं तुम्हींहि सोडलंत काय?" सोडलेली नाहीं, महिन्यांतून एकदां लेकीकडे जेवावयास जातों तेव्हां बांगडा असतो. परत आल्यावर मनी माझे हात हुंगते आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहते.

आज सकाळीं येथें येण्यापूर्वीं गोधड्या अंगणांत पसरून आलों आहें. शेजारच्या आजी त्यांवर लक्ष ठेवून आहेत; पण त्यांना दुपारीं डोळा लागतो, आणि ऊन उतरण्याच्या आंत त्या उचलल्या पाहिजेत. तेव्हां आपली रजा घेतों.